हिरव्या रंगाखालचा गंज : डेव्हिस-बेसी, २००२

मार्च २००२ चा पहिला आठवडा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठी, ओक हार्बर गावाजवळ डेव्हिस-बेसी हे अणुवीज केंद्र आहे. इंधन बदलण्यासाठी भट्टी बंद होती आणि तिच्या झाकणाची दुरुस्ती चालली होती. अणुभट्टीच्या पोलादी पात्रावर बोल्टांनी आवळलेले हे घुमटाकार झाकण. त्यातून ६९ नळ्या आरपार जातात आणि नियंत्रण कांड्या वरखाली करणारी यंत्रणा या नळ्यांवर उभी असते. तीन क्रमांकाच्या नळीला तडे सापडले होते, म्हणून यंत्र लावून ती आतून कोरण्याचे काम सुरू होते. यंत्र काढताना नळी हलली आणि एका बाजूला कलली.

ती हलायलाच नको होती. सोळा सेंटिमीटरांहून जाड पोलादात ती घट्ट बसवलेली असते, शिवाय खालून वेल्डिंग केलेले असते. झाकणावर साचलेला बोरिक ॲसिडचा थर खरवडून काढला, तेव्हा कारण दिसले. नळीच्या शेजारचे पोलाद उरलेच नव्हते. सुमारे १७ सेंटिमीटर लांब आणि १० ते १२ सेंटिमीटर रुंद असा खड्डा पडला होता. खड्ड्याच्या तळाशी स्टेनलेस स्टीलचे आतले अस्तर तेवढे शिल्लक होते, सेंटिमीटरभरसुद्धा जाड नसलेले. भट्टी चालू असताना या अस्तराच्या आतल्या बाजूला वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाब असतो. हे अस्तर दाब पेलण्यासाठी बनवलेलेच नसते, पाण्यामुळे पोलाद गंजू नये एवढेच त्याचे काम. ते बाहेरच्या बाजूला फुगले होते आणि पुढच्या तपासणीत त्यात बारीक तडाही सापडला. तरी ते टिकले.

त्या दिवसांत अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामकाच्या, म्हणजे न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनच्या (यापुढे एनआरसी) संकेतस्थळावर डेव्हिस-बेसीचे सुरक्षा-प्रगतिपुस्तक सगळ्यांसाठी खुले होते. त्यातली प्रत्येक चौकट हिरवी होती.

हे प्रकरण मी निवडले ते या हिरव्या चौकटींसाठी. गंजाबद्दल, कंपनीच्या बेपर्वाईबद्दल आणि कोर्टकचेरीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा प्रश्न नियामकाच्या मोजपट्टीचा आहे. तिने काय मोजले, काय मोजले नाही आणि समोर दिसणारी गोष्ट तिच्यामुळे कशी दिसेनाशी झाली?

मोजपट्टी कशी बनली

१९७९ च्या थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर एनआरसीने प्रत्येक केंद्राचे पद्धतशीर मूल्यमापन सुरू केले. ठरावीक काळाने अधिकारी बसत, निरीक्षकांचे अहवाल चाळत आणि केंद्राच्या कामाच्या प्रत्येक विभागाला १, २ किंवा ३ असा दर्जा देत. कंपन्यांची तक्रार अशी की हे गुण माणसांच्या मतावर ठरतात, एका अधिकाऱ्याचा १ म्हणजे दुसऱ्याचा २. तक्रारीत तथ्य होते. १९९८ मध्ये ही पद्धत थांबवली आणि एप्रिल २००० पासून सर्व केंद्रांना नवी पद्धत लागू झाली.

नव्या पद्धतीचा विचार चांगला होता, हे मी मनापासून म्हणतो. सुरक्षेचे सात कोनशिला-विषय ठरवले: बिघाडाची सुरुवात करणाऱ्या घटना, बिघाड आवरणाऱ्या यंत्रणा, किरणोत्सर्ग अडवणाऱ्या भिंती, आणीबाणीची तयारी, कामगारांचे किरणोत्सर्गापासून संरक्षण, जनतेचे संरक्षण आणि केंद्राचा बंदोबस्त. त्यांवर माहितीचे दोन प्रवाह सोडले. पहिला प्रवाह आकड्यांचा. सुमारे दीड डझन निदर्शक, ज्यांचे आकडे कंपनीच दर तिमाहीला कळवते. दुसरा प्रवाह तपासणीचा. प्रत्येक केंद्रावर एनआरसीचे निवासी निरीक्षक असतात, शिवाय विभागीय कार्यालयातून विषयतज्ज्ञ येऊन ठरलेल्या तपासण्या करतात.

दोन्ही प्रवाहांतून येणाऱ्या गोष्टीला रंग मिळतो. हिरवा, पांढरा, पिवळा, तांबडा. एक निदर्शक घेऊ: भट्टी चालू असण्याच्या दर ७,००० तासांत ती किती वेळा अचानक बंद पडली. तीनपर्यंत हिरवा, तीनच्या वर पांढरा, सहाच्या वर पिवळा, पंचवीसच्या वर तांबडा. तपासणीत सापडलेल्या त्रुटीचा रंग जोखमीच्या गणितावर ठरतो. त्या त्रुटीमुळे गाभ्याला, म्हणजे भट्टीतल्या इंधनाला, इजा होण्याची वार्षिक शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी वाढत असेल तर हिरवा. दहा हजारांत एकाहून जास्त वाढत असेल तर तांबडा. मग किती रंग, कोणते, कुठल्या विषयात, यावरून एका तक्त्यात केंद्राचा रकाना ठरतो आणि त्यावरून नियामक किती बारकाईने पाहणार हे ठरते. सगळे हिरवे असेल तर फक्त नेहमीच्या तपासण्या.

या शेवटच्या वाक्यात डेव्हिस-बेसीची निम्मी गोष्ट आहे. हिरवा म्हणजे नियामकाने जादा काही पाहायचे नाही. जे जादा पाहिल्याशिवाय दिसणार नाही, ते हिरव्यातच राहते.

गळतीचा आकडा आणि गळतीची जागा

डेव्हिस-बेसीसारख्या दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीत पाण्यात बोरिक ॲसिड मिसळलेले असते, कारण बोरॉन न्यूट्रॉन शोषतो आणि अणुविखंडनाची गती त्याने आवरता येते. हे पाणी कुठे पाझरले की वाफ उडून जाते आणि मागे पांढरी पूड उरते. कोरडी पूड पोलादाला फारशी बाधत नाही. ओली राहिली आणि सतत नवे पाणी मिळत गेले, तर तेच ॲसिड साधे पोलाद झपाट्याने खाते. हे १९८० च्या दशकातच माहीत होते. १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्रात झाकणावर ५०० पौंडांहून जास्त बोरिक ॲसिड साचलेले सापडले. पुढच्याच वर्षी एनआरसीने अशा सर्व केंद्रांना पत्र पाठवून अशी गळती शोधण्याचा आणि गंज रोखण्याचा कार्यक्रम ठेवायला सांगितले.

नळ्यांना तडे जाणेही नवे नव्हते. या नळ्या अलॉय ६०० नावाच्या निकेलच्या मिश्रधातूच्या, आणि गरम पाण्यात ताणाखाली हा धातू हळूहळू चिरत जातो. फ्रान्समधल्या बुजे केंद्रात १९९१ मध्येच अशी नळी गळली होती. अमेरिकेत त्यावर विचार झाला तो असा: तडे नळीच्या लांबीच्या दिशेने जातात, त्यामुळे नळी तुटून उडणार नाही. गळलीच तर झाकणावर पांढरी पूड दिसेल आणि पुढच्या बंदच्या वेळी दुरुस्त करता येईल. झाकण इतके तापलेले असते की पूड कोरडीच राहील, म्हणून गंजाचीही फार काळजी नको. हे तिन्ही तर्क पूड कोणीतरी नीट बघेल यावर उभे होते.

डेव्हिस-बेसीत बघणेच अवघड होते. झाकणाच्या वर पोलादी पिंजऱ्यासारखी बैठक आहे आणि तिच्या खालच्या कडेला हात जेमतेम जाईल अशी भोके. माथ्याच्या मधल्या नळ्यांपर्यंत नजरही पोचत नसे आणि साफसफाईचे साधनही. मोठी दारे पाडून घ्यायचा प्रस्ताव १९९० पासून होता, तो दर वेळी पुढे ढकलला गेला. त्यात आणखी भर अशी की नळ्यांच्या वरच्या फ्लँज, म्हणजे बोल्टांनी आवळलेले सांधे, जुन्या काळापासून पाझरत आले होते. त्यामुळे झाकणावर पांढरे दिसले की उत्तर तयार असे: फ्लँजची गळती.

आता मोजपट्टीकडे येऊ. किरणोत्सर्ग अडवणाऱ्या भिंती या विषयाखाली एक निदर्शक गळतीचा होता. प्राथमिक पाण्याची जी गळती कुठून होते हे माहीत आहे, ती परवान्यातल्या मर्यादेच्या किती टक्के आहे हे त्यात मोजले जाई. ५० टक्क्यांपर्यंत हिरवा. कुठून होते ते माहीत नाही अशा गळतीला वेगळी मर्यादा होती, मिनिटाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरांच्या आसपास. डेव्हिस-बेसीत ही अज्ञात गळती मिनिटाला ०.१ ते ०.२ गॅलनच्या घरात गेली. पूर्वीपेक्षा वाढ स्पष्ट होती. तरी मर्यादेच्या मानाने ती किरकोळच.

पण परवान्यात तिसरी एक मर्यादा होती आणि मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. दाब पेलणाऱ्या धातूतूनच, म्हणजे पात्र, नळी किंवा पाइपच्या अंगातून होणारी गळती. तिची मर्यादा शून्य. थेंबसुद्धा चालत नाही, कळले की भट्टी बंद. आता ०.१५ गॅलनचा अर्थ काय लावायचा? फ्लँजच्या सांध्यातून येत असेल तर ती मर्यादेत आहे. नळीच्या तड्यातून येत असेल तर भट्टी एक दिवसही चालवायला परवानगी नाही. आकडा एकच. कुठून येते याचे उत्तर मिळाल्याखेरीज हा आकडा मुका आहे. निदर्शकाने किती एवढेच विचारले.

डोळ्यांसमोरच्या खुणा

खुणा एखाद-दुसरी नव्हती.

१९९८-९९ पासून कंटेनमेंटमधली, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंद इमारतीतली, हवा थंड करणारी यंत्रे बोरिक ॲसिडने माखू लागली. ती धुवायला पुन्हा पुन्हा माणसे आत पाठवावी लागली. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणांचे फिल्टर महिनोन् महिने टिकायचे, ते आता तुंबू लागले. अखेरीस तर एक दिवसाआड बदलावे लागत होते. फिल्टरवरची पूड तपकिरी होती. १९९९ मध्ये ती प्रयोगशाळेत दिली तेव्हा लोहाचा ऑक्साइड निघाला. सरळ भाषेत, गंज. इमारतीतली हवा स्वच्छ करायला मोठी गाळणयंत्रे आणून बसवली. हवेतला गंज गाळला गेला, तो कुठल्या पोलादाचा आहे हे कोणी शोधले नाही.

एप्रिल २००० मध्ये इंधन बदलण्यासाठी भट्टी बंद केली, तेव्हाचे एक छायाचित्र आहे. झाकणाच्या कडेच्या भोकांतून तांबडा-तपकिरी ओघळ बाहेर आला आहे आणि बोल्टांपर्यंत पसरून गोठला आहे. पांढऱ्या पुडीचा मागमूस कमी, लालसर रंग जास्त. धातुकामाशी संबंध असलेल्या कोणालाही तो रंग परका नाही. झाकण गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुण्याचा प्रयत्न झाला, पण वेळापत्रक आणि किरणोत्सर्गाची मात्रा यांच्या दडपणाखाली काम अर्धवट सुटले. उरलेला थर तसाच ठेवून भट्टी सुरू केली आणि कागदावर काम पूर्ण अशी नोंद झाली.

आणि नियामक? फिल्टर आणि थंडावा देणारी यंत्रे यांची अडचण निवासी निरीक्षकांना माहीत होती, त्यांच्या अहवालांत तिचे उल्लेखही आहेत. तो लाल फोटो जोडलेला कंपनीचा अंतर्गत नोंद-अहवाल निरीक्षकांच्या हातात आला होता. प्रत्येक खूण आपापल्या खान्यात बंद झाली. फिल्टर तुंबले, पण उपकरण चालू आहे ना? आहे. गळती वाढली, मर्यादेत आहे ना? आहे. हे नियमाला धरून विचारलेले प्रश्न होते आणि त्यांची उत्तरेही खरी होती. फिल्टर, यंत्रे, गळती आणि फोटो एका टेबलावर मांडून पाहणारे कोणी नव्हते.

याच्या मागे केंद्राची प्रतिष्ठा होती, आणि इथे थोडा इतिहास सांगायला हवा. डेव्हिस-बेसीचे पूर्वायुष्य खडतर होते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी इथे दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती. दीड वर्षाने थ्री माइल आयलंडचा अपघात तशाच झडपेने सुरू झाला. ९ जून १९८५ रोजी वाफ बनवणाऱ्या यंत्रांना पाणी पुरवणारे मुख्य आणि राखीव असे सगळे पंप काही मिनिटांसाठी गेले आणि त्यानंतर भट्टी वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. त्यातून केंद्र सावरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस विभागीय कार्यालयाच्या लेखी ते चांगल्या केंद्रांत गणले जात होते आणि त्याच विभागातली दुसरी केंद्रे अडचणीत असल्याने लक्ष तिकडे होते. १९९८-९९ मध्ये, म्हणजे नेमक्या खुणा दिसू लागल्या त्या काळात, जवळजवळ वर्षभर इथे एकच निवासी निरीक्षक होता.

निरीक्षकांना दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. निरीक्षकाच्या हातात तास मोजके असतात आणि ते कुठे घालवायचे हे पद्धत ठरवते. चांगल्या केंद्राच्या लाल फोटोमागे धावायला त्याला कोणी सांगितले नव्हते. उलट मोकळेपणाने धावला असता तर त्या त्रुटीचा रंग काय हे त्याला सिद्ध करावे लागले असते, आणि झाकण धुऊन पाहिल्याशिवाय ते सिद्ध होत नव्हते.

थांबवण्याची एक संधी

२००१ च्या सुरुवातीला साउथ कॅरोलायनातल्या ओकोनी केंद्रात जे सापडले, त्याने १९९० च्या दशकातला तर्क मोडला. तिथल्या तिसऱ्या भट्टीच्या दोन नळ्यांत तडे परिघाच्या दिशेने गेले होते, ३६० पैकी सुमारे १६५ अंशांपर्यंत. परिघाचा तडा पूर्ण झाला तर नळी दाबाने बाहेर उडते, नियंत्रण कांडीही जाते आणि मोकळ्या भोकातून पाणी सुटते.

३ ऑगस्ट २००१ रोजी एनआरसीने दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या सर्व केंद्रांना परिपत्रक काढले. ज्यांना सर्वाधिक धोका आहे त्यांनी ३१ डिसेंबरपर्यंत नळ्या तपासाव्यात, नाहीतर थांबणे का चालेल ते सांगावे. डेव्हिस-बेसी या सर्वाधिक धोक्याच्या गटात होते. त्यांचा इंधन-बदल मार्च २००२ च्या अखेरीस ठरला होता आणि तोवर थांबू द्यावे अशी केंद्र चालवणाऱ्या फर्स्टएनर्जीच्या अणुवीज कंपनीने विनंती केली. पत्रव्यवहारात कंपनीने पूर्वीच्या तपासण्यांचे जे वर्णन केले, त्यात झाकणाचा मोठा भाग पुडीमुळे दिसलाच नव्हता ही गोष्ट स्पष्ट नव्हती. पुढे कंपनीने कबूल केले की तिच्या कर्मचाऱ्यांनी नियामकाला जाणूनबुजून खोटी माहिती दिली.

एनआरसीच्या कर्मचाऱ्यांनी भट्टी बंद करण्याचा आदेश लिहून तयार ठेवला होता. तो निघाला नाही. जोखमीची गणिते झाली, बैठका झाल्या आणि मधला मार्ग ठरला: भट्टी १६ फेब्रुवारी २००२ पर्यंत चालेल. मुदतीनंतरचे साडेसहा आठवडे.

एनआरसीच्याच महानिरीक्षक कार्यालयाने डिसेंबर २००२ च्या अहवालात नोंदवले की तपासणीविना ३१ डिसेंबरनंतर भट्टी चालवू देण्यामागे कंपनीचे आर्थिक नुकसान कमी करण्याची इच्छा हे मोठे कारण होते. एका नियामकाविषयी याहून जड वाक्य मला ठाऊक नाही. पण त्याच्या जोडीला एक तांत्रिक गोष्टही पाहायला हवी. चर्चा पूर्णपणे परिघाच्या तड्यांवर चालली होती: नळी उडण्याची शक्यता किती, साडेसहा आठवड्यांत ती किती वाढते. गंजाने झाकणच खाल्ले असेल ही शक्यता त्या गणितात नव्हती. ज्या बिघाडाची कल्पना केलेली नाही, त्याची जोखीम गणितात शून्य धरली जाते. फिल्टरमधला गंज दोन वर्षांपूर्वीच हातात होता, तरी तो या टेबलावर आला नाही.

नंतर लागलेला रंग

खड्डा सापडल्यावर यंत्रणा हलली, आणि जोरात हलली. एप्रिल २००२ च्या अखेरीस केंद्र नेहमीच्या मूल्यमापनातून काढून खास देखरेख-मंडळाच्या ताब्यात दिले. झाकण दुरुस्त करण्याऐवजी मिशिगनमधल्या मिडलंड इथल्या अर्धवट सोडलेल्या प्रकल्पाचे न वापरलेले झाकण विकत आणले. भट्टी दोन वर्षे बंद राहिली आणि या काळात कंपनीला ६० कोटी डॉलरांहून जास्त खर्च आला. शोधू लागल्यावर आणखीही सापडत गेले. अपघात झालाच असता तर कंटेनमेंटच्या तळाचे पाणी गोळा करून पुन्हा गाभ्यात सोडायचे होते. तिथली जाळी इतकी अपुरी होती की कचऱ्याने तुंबली असती, आणि उच्च दाबाने पाणी मारणाऱ्या पंपांना त्या पाण्यातला कचरा सोसला नसता. याचा अर्थ अस्तर फाटले असते तर त्यापुढची संरक्षणाची फळीही भरवशाची नव्हती. या यंत्रणाही आधी हिरव्याच होत्या.

२००३ मध्ये झाकणाच्या त्रुटीला अधिकृत रंग मिळाला: तांबडा. पुढे झाकण, जाळी आणि पंप या सगळ्यांचा एकत्र हिशेब एनआरसीने मांडला. फेब्रुवारी २००२ पूर्वीच्या एका वर्षात गाभ्याला इजा होण्याची वाढीव शक्यता हजारात सहा निघाली. तांबड्या रंगाची सीमा दहा हजारांत एक, म्हणजे हा आकडा सीमेच्या साठपट. त्या वर्षात प्रसिद्ध झालेला रंग आणि त्याच वर्षाचा मागाहून काढलेला रंग, दोन्ही एकाच नियामकाचे, एकाच भट्टीचे.

एप्रिल २००५ मध्ये ५४.५ लाख डॉलरांचा दंड प्रस्तावित झाला, एनआरसीच्या तोवरच्या इतिहासातला सर्वात मोठा. जानेवारी २००६ मध्ये खटला पुढे ढकलण्याच्या करारात कंपनीने २.८ कोटी डॉलर मान्य केले.

मला जास्त मोलाचा वाटतो तो सप्टेंबर २००२ चा एनआरसीच्या धडे-गटाचा अहवाल. त्यात ५१ शिफारशी होत्या, त्यांपैकी ४९ वरिष्ठांनी स्वीकारल्या. स्वतःच्या कार्यालयाविरुद्ध इतके स्पष्ट लिहिणारे सरकारी कागद फार नसतात. इतर केंद्रांचे अनुभव तपासून पाठपुरावा न करणे, निरीक्षकांना बोरिक ॲसिडच्या गंजाचे प्रशिक्षण नसणे, परिपत्रके पाठवून ती अमलात आली की नाही हे न पाहणे, असे सगळे त्यात आहे. फेब्रुवारी २००३ च्या आदेशाने झाकणाची प्रत्यक्ष तपासणी बंधनकारक झाली. पूर्वीच्या विनंतीवजा पत्रांची जागा सक्तीने घेतली.

मूल्यमापन-पद्धतीतला बदल हळू आला. नव्या पद्धतीत पहिल्यापासून तीन आडवे, म्हणजे सातही विषयांना छेदून जाणारे, विषय मानले होते: माणसांचे काम, अडचणी ओळखून सोडवण्याची ताकद आणि भीती न बाळगता बोलता येईल असे वातावरण. पण त्यांना स्वतःचा रंग नव्हता. त्यांत काही बिघडले तर ते कुठल्या ना कुठल्या निदर्शकात उमटेलच, असे गृहीत धरले होते. डेव्हिस-बेसीत ते उमटले नाही. फिल्टर एक दिवसाआड बदलणारा कामगार अडचण ओळखतही होता आणि नोंदवतही होता. सोडवली जात नव्हती ती मुळाची अडचण. २००६ मध्ये एनआरसीने सुरक्षा-संस्कृतीचे घटक या पद्धतीत घातले: त्रुटी कशातून उगवली हे नोंदवायचे, तेच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागले तर विचारणा करायची आणि केंद्राचा दर्जा फारच घसरला तर संस्कृतीचे स्वतंत्र मूल्यमापन मागायचे. डेव्हिस-बेसीला मार्च २००४ मध्ये पुन्हा सुरू करायची परवानगी मिळाली, ती पाच वर्षे बाहेरच्या तज्ज्ञांकडून अशी परीक्षा करून घेण्याच्या अटीसह.

यावर कंपन्यांचा आक्षेप असा की संस्कृती मोजता येत नाही, म्हणजे पुन्हा १, २, ३ च्या मतांवर आलो. आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. मोजता येईल तेवढेच पाहायचे ठरवले तर नियामक निःपक्षपाती दिसतो, आणि न मोजलेले पाहायचे ठरवले तर त्याला मत बनवावे लागते. हा ताण मिटवणारे सूत्र मला सापडलेले नाही आणि मी शोधतही नाही. पण दोन्हींपैकी कुठली चूक महाग पडते, याचा एक नमुना १७ सेंटिमीटर लांबीचा आहे. पक्षपाताचा आरोप सोसूनही निरीक्षकाला हा गंज कुठल्या पोलादाचा, असे विचारण्याची मुभा आणि वेळ हवा. हिरव्या केंद्रात तर तो आधी हवा, कारण तिथे दुसरे कोणी विचारणार नसते.

दुसरे झाकण

मिडलंडहून आणलेल्या झाकणाच्या नळ्याही अलॉय ६०० च्याच होत्या. २०१० च्या सुरुवातीला इंधन-बदलाच्या बंदमध्ये, नियमाने ठरवून दिलेली तपासणी करताना, त्या नळ्यांतही तडे सापडले. तोवर हे झाकण सहाच वर्षे चालले होते. या वेळी झाकण स्वच्छ होते, माथ्यापर्यंत नजर पोचत होती आणि पोलाद शाबूत होते. तडे दुरुस्त केले आणि अलॉय ६९० च्या नळ्यांचे नवे झाकण ठरल्यापेक्षा लवकर, २०११ मध्येच, बसवायचे ठरले.

ते आत न्यायला ऑक्टोबर २०११ मध्ये बाहेरच्या काँक्रीटच्या संरक्षक इमारतीला भगदाड पाडावे लागले. कापलेल्या कडेवर, पृष्ठभागाला समांतर जाणारी एक बारीक भेग दिसली. भिंतीवर ठोकून आणि आवाज पाठवून पाहत गेले तेव्हा ती भेग आतल्या आत दूरवर पसरलेली निघाली. तपासात कारण लागले ते जानेवारी १९७८ च्या हिमवादळाचे: भिंतीत शिरलेला ओलावा गोठून फुगला होता. केंद्राने व्यापारी वीज द्यायला सुरुवात केली त्याच्याही आधीची ही भेग. तेहतीस वर्षांत तिच्यासमोरून प्रत्येक निरीक्षक गेला होता.